आमच्या साडूंची सीट

बसणं या विषयाचा आमच्या साडूंइतका खोल विचार केलेला माणूस नागपुरात झाला नाही. बाहेर झाला असेल असंही मला वाटत नाही, कारण बाहेरच्या लोकांना इतकी फुरसत नसते. तुम्ही-आम्ही जागा दिसली की टेकतो. साडू टेकत नसत. ते आधी जागेकडे उभ्याने पाहत, मग वाकून पाहत, मग तळहाताने दाबून पाहत, आणि एवढ्यातून काही वावगं निघालं नाही तर "पाहू बसून" असं म्हणून अर्धे बसत. उरलेलं अर्धं बसायचं की नाही हे पुढच्या दोन मिनिटांत ठरे. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा पाहुण्यांसाठी म्हणून घरात एकुलती एक वेताची खुर्ची होती. साडू तिच्यावर बसले, उठले, खुर्ची फिरवून पुन्हा बसले, पुन्हा उठले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "खुर्ची बेस हाये वं, जमीन तिरपी हाये." मग वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी ती खुर्चीच्या एका पायाखाली सारली आणि चहा घेतला. एकदा आम्ही दोघे ओळखीतल्या एका मयताच्या घरी भेटायला गेलो होतो. तिथे साडूंनी सतरंजीवर तीन वेळा जागा बदलली. घरच्या मंडळींना वाटलं, बिचाऱ्यांना दुःख एका जागी बसू देत नाही. शेवटी मयताच्या धाकट्या भावाने जवळ येऊन साडूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोच उलट त्यांचं सांत्वन करू लागला.

याचं मूळ त्यांच्या घराण्यात होतं. घराणं उमरेडच्या विणकरांचं. वडिलांनी चाळीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून, काठावर बसून हातमागावर लुगडी विणली होती. "बसणं बिघडलं का हात बिघडते, न् हात बिघडला का पोत बिघडते," हे त्या म्हाताऱ्याचं म्हणणं साडू आम्हाला वेदवाक्यासारखं ऐकवत. माग सोडून लिहिण्याच्या टेबलाशी बसलेले साडू हे त्या घरातले पहिलेच. पण अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कुठलीही वस्तू धरून तिचा पोत पाहायची खोड काही सुटली नव्हती. कचेरीत वरून आलेला कागद ते आधी चिमटीत धरत आणि मगच वाचत. कित्येकदा वाचायची गरज उरत नसे. "पातळ कागद हाये, काही विशेष नसन," असं म्हणून ते तो बाजूला ठेवत, आणि खरोखरच त्यात काही विशेष नसे.

दुसरं म्हणजे, कुठलीही गोष्ट जागच्या जागी ठरवणं त्यांना अशिष्टपणाचं वाटे. आमच्या भागात 'नंतर' या अर्थी 'मांगून' म्हणतात. मांगून येतो, मांगून देतो, मांगून पाहू. हा शब्द वऱ्हाड-नागपुरात सगळेच वापरतात, पण साडूंचा सगळा संसार त्यावर उभा होता. मुलगी पाहायला गेले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे पुढे जे माझेही सासरे झाले त्यांनी, "मुलगी पसंत आहे ना?" असं विचारलं, तर साडू म्हणाले, "मांगून सांगतो." सासरे चार महिने थांबले. पाचव्या महिन्यात साडू स्वतः येऊन म्हणाले, "पसंत हाये." तोवर ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, आणखी दोन स्थळं नाकारली होती. का नाकारली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आम्ही दोघे एकाच सरकारी कचेरीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो आणि महालातून सिव्हिल लाइन्सला रोज बरोबरच सायकलने जात होतो. राजधानी नागपुरातून जाणार अशी बोलवा उठली तेव्हाचे हे दिवस. कुणी भोपाळला जाणार, कुणी मुंबईला. आमच्या टेबलावरच्या दोघांपैकी एकाला मुंबईला जावं लागणार, हे शिपायांनासुद्धा ठाऊक होतं. कुणाला ते ठरायचं होतं. माझ्या आईला लकवा होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. उजवी बाजू पार गेलेली. खाटेवरून उठवायचं तर दोन माणसं लागत. तिला घेऊन मुंबईच्या कुठल्या जिन्याने मी वर चढणार होतो? आणि साडूंचे वडील उमरेडला एकटे होते. त्यांना दिसेनासं झालं होतं, पण गाव सोडायला ते तयार नव्हते. दर पंधरा दिवसांनी साडू त्यांना भेटायला जात, तेही सायकलने. जाऊन अठ्ठावीस मैल, येऊन अठ्ठावीस मैल. आगगाडी होती, पण तिच्या बाकाचा कोन साडूंना मान्य नव्हता.

नेमक्या त्याच वर्षी त्यांच्या सायकलच्या सीटची कमान मोडली आणि नवी चामड्याची सीट घ्यायची असं त्यांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे शोध सुरू केला. सीताबर्डीवर एका हिंदी भाषिक शेटजींचं सायकलचं दुकान होतं. कचेरी सुटली की आम्ही तिथे. साडू सीट चिमटीत धरत, अंगठ्याने दाबत, नाकाशी नेत, कानाशी नेऊन बोटाने ठोकत. रुंद सीटवर मांड्या घासतात, अरुंद सीट रुतते, स्प्रिंग मऊ असली तर माणूस डुलतो आणि डुलला की झोप येते, असे एकेक दोष निघत गेले. पण खरी परीक्षा पुढेच होती. स्टँडवर लावलेल्या सायकलला ते एक-एक सीट बसवून घेत, वर बसत आणि जागच्या जागी पायडल मारत महालातून कचेरीत जात. अंदाजाने नव्हे, सबंध रस्ता. "आता कॉटन मार्केट आलं," असं म्हणून ते घंटी वाजवत. लोखंडी पुलाशी आले की खड्ड्यासाठी सीटवरून उठत, पुलाखालून बाहेर पडले की पुन्हा बसत. शेटजी इकडे गिऱ्हाइकं करत, ट्यूब विकत, पंक्चरवाल्यावर ओरडत आणि मधूनच विचारत, "बाबूजी, दफ्तर पहुँच गए क्या?" साडू कपाळाचा घाम पुसत म्हणत, "नाही शेटजी, सिग्नलवर हावो." तिथे त्या काळी दिव्यांचा सिग्नल नव्हता, हात दाखवणारा एक पोलीस उभा असे, आणि त्याने हात खाली करेपर्यंत साडू दुकानात एक पाय जमिनीला टेकवून थांबत.

सीटबरोबर आरसा घ्यायचा हेही त्यांच्याच तत्त्वात बसणारं होतं. उमरेडच्या रस्त्यावर पाठीमागून मोटारी येत. त्या पाहायला मान वळवावी लागे. "न् मान वळवली का बसणं हालते," साडू म्हणाले. म्हणजे मान वळवायला लागू नये म्हणून आरसा. आता आरसे दोन जातीचे, सपाट आणि फुगीर. फुगीर आरशात सगळा रस्ता दिसे, पण मोटार असायची त्याहून दूर दिसे. मी म्हटलं, "चांगलंच की, घाबरायला होणार नाही." साडूंनी माझ्याकडे पाहिलं. "मोटारले माहीत पाहिजे न गा, का ते दूर हाये." सपाट आरशात मोटार जिथल्या तिथे दिसे, पण बाकी सगळी जागा साडूंच्या कोपराने आणि कानाने व्यापलेली असे. मग खात्री करून घ्यायची म्हणून एका शनिवारी भर सीताबर्डीवर त्यांनी मला मोटार केलं. ते सायकल धरून दुकानापुढे उभे, आणि मी चौकातून त्यांच्या पाठीमागून चालत यायचं. आठ आरसे होते, आठ वेळा आलो. पाचव्या वेळी माझे शाळेतले गणिताचे मास्तर भेटले. "कुठे निघालात?" असं त्यांनी विचारलं. तेवढ्यात साडू तिकडून ओरडले, "थांबू नको गा, मोटार थांबत नसते!" मी मास्तरांना नमस्कार केला आणि पुढे गेलो. शेवटी लांब दांडीचा सपाट गोल आरसा पसंत पडला. त्यात थोडं आभाळ आणि टांग्याच्या घोड्याचं तोंड दिसे. टांगा दिसत नाही म्हटलं, तर साडू म्हणाले, "घोडा आला म्हणजे टांगा येतेच."

सीट मात्र सात महिन्यांनी ठरली. घट्ट, तांबूस चामड्याची, मागे दोन जाड स्प्रिंगा असलेली. ज्या दिवशी घेतली त्या दिवशी शेटजींनी आम्हाला चहा पाजला आणि दुकानातल्या माणसांनी काम थांबवून पाहिलं. घरी परतताना साडू नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. "दहा वर्षं टिकन म्हणते शेट. दहा वर्षं!" मग जरा वेळाने, माझ्याकडे न पाहता, "आता कुठी जाणं होत नाही गा. इतकी चांगली सीट घेतल्यावर कोन जाते?" मला तेव्हा कळलं की सात महिने हा माणूस नुसती सीट निवडत नव्हता. नागपुरात राहायचं असं त्याने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं, आणि सरकारला ते हळूहळू पटेल अशी त्याची समजूत होती.

आठ दिवस सीटला एरंडेल चोळणं चाललं. त्यांच्या पँटला मागच्या बाजूने दोन गोल डाग पडले, मग ते कचेरीतल्या खुर्चीला पडले, आणि साडूंच्या येण्याजाण्याचा मार्ग वासावरून सांगता येऊ लागला. ताई म्हणाल्या, "घरात तान्हं लेकरू नाही न् एरंडेलाच्या बाटल्या संपून राहिल्या. दुकानदार मले विचारते, कोनाचं पोट बिघडलं वं?" साडूंनी मनावर घेतलं नाही. नवव्या दिवशी, रविवारी, ते उमरेडला जाऊन आले. सोमवारी सकाळी मी विचारलं, कशी काय सीट? त्यांनी आधी तळहाताने सीटवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "छप्पन मैल गेलो न् आलो, पण खाली सीट हाये हे यादच आलं नाही." याहून मोठी स्तुती त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही, अगदी ताईंच्या स्वयंपाकाचीही नाही.

त्याच महिन्यात आमच्याकडे नवे साहेब आले. पुण्याकडचे, मनाने चांगले, बोलणं अगदी छापल्यासारखं शुद्ध. त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. म्हणाले, "तुमच्यापैकी एकाची मुंबईला बदली करायची आहे. मला जुलूम करायला आवडत नाही. तुम्हीच सांगा, बदली कोण घेतं?" साडूंवर असला थेट प्रश्न आला की त्यांच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "साहेब, बदली मी मांगून घेतो."

म्हणजे नंतर घेतो. आत्ता नको, पुढे कधी तरी पाहू. मला ते कळलं, दारातल्या शिपायाला कळलं. पण पुण्याकडे त्या शब्दावर अनुस्वार नसतो, आणि मागून घेणं म्हणजे मागणी करून घेणं. साहेबांचा चेहरा उजळला. "स्वतः मागून घेता?"

"हो साहेब, मांगूनच."

साहेब खुर्चीवरून उठले आणि त्यांनी साडूंचा हात हातात घेतला. म्हणाले, "इतक्या वर्षांच्या नोकरीत असा माणूस मी पहिल्यांदा पाहतो आहे." बाहेर आल्यावर साडू मला म्हणाले, "साहेब बेस हाये गा. एका शब्दात समजला."

पंधरवड्याने हुकूम आला. साडूंनी कागद सवयीने चिमटीत धरला. जाड होता. मग त्यांनी तो वाचला आणि माझ्यापुढे केला. त्यात लिहिलं होतं, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मागणीवरून मुंबईस बदली. "म्या कवा मांगतली?" ते म्हणाले. मी त्यांना तो घोटाळा समजावून सांगायला हवा होता. मला तो पहिल्याच दिवशी, साहेबांच्या खोलीतच कळला होता. पण एक गोष्ट मला आणखी कळत होती. हा हुकूम फिरला तर दुसरा माझ्या नावाने निघेल. मी म्हटलं, काही तरी चूक झाली असेल. दोन दिवस मी एवढंच म्हणत राहिलो. आईला कुशीवर वळवताना म्हणत राहिलो, सायकल हाणताना म्हणत राहिलो. पुढे साडू आणि त्यांची नवी सीट जात होती, त्यांच्या आरशात माझं तोंड दिसत असणार, आणि मी मुद्दाम चार हात मागे राहत होतो. स्वतःची इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. रस्त्यातच सायकल थांबवून मी त्यांना सगळं सांगितलं. साडू हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "एका टिंबानं मुंबई!" म्हणाले. "चाल, साहेबाले सांगू."

साहेबही हसले. हुकूम पुढे ओढून म्हणाले, "अहो, मग हे आत्ताच दुरुस्त करू. चूक माझी आहे. तुमचं नाव काढतो." त्यांनी साडूंच्या नावावर रेघ मारायला लेखणी उचलली, आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मग तुम्हाला जावं लागेल. तुमची काही अडचण नाही ना?"

मला अडचण होती. ती सांगायला माझं तोंड उघडेना, कारण सांगितली असती तर ती साडूंच्या डोक्यावर जाऊन बसली असती. मी टेबलावरच्या दौतीकडे पाहत उभा राहिलो.

"राहू द्या साहेब," साडू म्हणाले. "मी बदली मागून घेतली."

साहेबांना कळेना. "आता हे कोणतं मागून?"

"तुमच्याकडचं, साहेब."

त्यांनी अनुस्वार काढून टाकला होता. बायको पसंत करायला ज्याला चार महिने लागले आणि सीट निवडायला सात, त्याने हे ठरवायला साहेबांची लेखणी खाली येईपर्यंतसुद्धा वेळ घेतला नाही. बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "काहून रडून राहिला बे? तुह्या मायले दोन माणसं लागते उचलाले. माह्या बापाले कोनी उचला लागत नाही, तो आपलाच उठते." आणि पाणी प्यायला निघून गेले.

मुंबईला जाताना आरसा त्यांनी काढून नेला, दाढी करायला बरा म्हणून. सायकल माझ्याकडे ठेवली. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत ते मला सीटबद्दलच सांगत होते. उन्हात ठेवू नको, पावसात फडकं टाकजो, बसत राहाजो, नाही तं चामडं ताठून जाते. ताई खिडकीशी बसून डोळे पुसत होत्या. साडू ज्या बाकावर बसले होते त्याची मात्र त्यांनी काहीच पाहणी केली नव्हती. हमालाने वळकटी टाकली होती तिथेच ते बसले होते.

माझी आई त्यानंतर तीन वर्षं जगली आणि आपल्या खाटेवर गेली. साडूंचे वडील दुसऱ्याच वर्षी वारले. तार मिळून साडू उमरेडला पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवायच्या टाळतो, पण त्या आपल्या आपण येऊन शेजारी बसतात.

साडूंची सीट पहिली दोन वर्षं मला फार बोचली. तिला त्यांच्या बसण्याचं वळण लागलेलं होतं. मला ती डावीकडे ढकलत राही, आणि मीही तक्रार न करता डावीकडे कलून कचेरीत जात होतो. मग केव्हा तरी बोचायची थांबली. नेमकं कधी ते माझ्या ध्यानात आलं नाही.

चार वर्षांनी ते दिवाळीला आले. मी आदल्या दिवशी सायकल धुवून पुसून, सीटला एरंडेल लावून त्यांच्यापुढे उभी केली. त्यांनी टांग टाकली, कोपऱ्यापर्यंत गेले, वळणाआड दिसेनासे झाले, आणि जरा वेळाने सायकल हातात धरून चालत परत आले.

"बोचते गा," ते म्हणाले.

मी घाईने म्हणालो, नट ढिला झाला असेल, आवळून आणतो, शेटजींकडे नेतो. त्यांनी खाली बसून अंगठा सीटवरून सावकाश फिरवला, नाकापासून मागच्या कडेपर्यंत. चेहऱ्यावर नाराजी तर नव्हतीच, उलट चांगलं विणलेलं कापड हाती आल्यासारखं समाधान होतं. "नटाचं काही नाही. सीट लय चांगली बसली हाये," ते म्हणाले. "तुह्यी झाली आता ते. वापरली तू, मले बरं वाटलं." आणि हात पुसत फराळाला आत गेले.

चार दिवसांनी ते मुंबईला गेले. दुसऱ्या दिवशी मी त्या सीटवर बसून कचेरीत गेलो. वाटेत कुठेही, लोखंडी पुलाखालीसुद्धा, ती मला जरादेखील बोचली नाही, आणि त्याचंच मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.